बर्फाच्या बादलीमागचे मन



"सर्वांना नम्र विनंती" अशी सूचना वाचली जाते, तेव्हा ती शेजारच्यासाठी आहे असे प्रत्येकाला वाटते. ग्राहकाचे मन ओळखणाऱ्या जाहिरातदारांना हे पक्के ठाऊक असते. फेसबुकवर लोकांनी नुसते पाहून पुढे न जाता सहभागी व्हावे असे वाटत असेल, तर नावाने हाक मारावी लागते.

२०१४ चे 'आइस बकेट चॅलेंज' आठवते? एएलएस या आजारात स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटतो. त्या रुग्णांसाठी डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घ्यायचे, व्हिडिओ टाकायचा आणि तीन ओळखीच्यांची नावे घ्यायची. त्यांनी २४ तासांत तसेच करावे, नाहीतर देणगी द्यावी. नाव घेतलेले, मुदत ठरलेली आणि सारे मित्र बघत असलेले. मग टाळणार कसे? गंमत म्हणजे, पाणी ओतून घेणारा नियमाप्रमाणे देणगीतून सुटत होता! तरी पुष्कळांनी दोन्ही केले. अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले आणि संशोधनाला मोठा हातभार लागला.

त्याच वर्षी हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी बर्फाच्या जागी तांदूळ आणला. बादलीभर तांदूळ गरजूला द्यायचा आणि फोटो टाकायचा. मला हेच अधिक भावते; पाणीही वाया जात नाही.

मात्र नावाने हाक मारणे म्हणजे दबावही असतो. ज्याचा हात त्या महिन्यात आखडलेला आहे, त्याची चारचौघांत पंचाईत होते. अशांना आधी खासगीत विचारावे. आणि तांदूळ घेणाऱ्याचा फोटो त्याच्या होकाराशिवाय टाकू नये.