शाळेची जर्सी

पहाटे पाच. पाऊस थांबलेला नाही, आणि जुलैत तो थांबेल अशी आशा कोल्हापुरात कुणी धरत नाही. आज दुपारी सुब्रतो कपचा सामना आहे, सतरा वर्षांखालील मुलांचा. क्रीडाशिक्षक म्हणून माझं हे एकविसावं वर्ष. सामन्याच्या दिवशी गजराआधी जाग येते, ती अजून तशीच.

पावणेसहा. मैदानाचा निम्मा भाग पाण्याखाली. फक्की टाकण्यात अर्थ नाही, पाच मिनिटांत वाहून जाईल, म्हणून शिपाईमामांनी कोपऱ्यांवर काठ्या रोवून ठेवल्यात. मी पंप घेऊन पायरीवर बसतो. सुई कोरडीच खुपसली तर व्हॉल्व्ह फाटतो. ती ओली करायची, सरळ धरायची आणि फिरवत फिरवत आत सरकवायची. हे मला माझ्या सरांनी याच पायरीवर शिकवलं.

सहा. पोरं येतात ती पेठेपेठेनं. शिवाजी पेठेतली एका घोळक्यात, मंगळवारातली दुसऱ्या. अंगात आपापल्या तालमीचे टी-शर्ट. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे फुटबॉल तालमीत वाढला. शाहू महाराजांनी कुस्तीला जीव लावला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि ज्या तालमींत लाल मातीचे हौदे होते त्यांच्याच नावानं पुढं फुटबॉलचे संघ उतरले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. या संघांच्या नावात आजही ‘तालीम मंडळ’ असतंच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. पोरगं चालायला लागतं तेव्हापासून त्याला आपली तालीम ठाऊक असते, आणि कुणाशी बोलायचं नाही हेही ठाऊक असतं.

म्हणून सरावाला माझा एकच नियम. तालमीचा टी-शर्ट पिशवीत, शाळेची जर्सी अंगात. जून महिन्यात आमचा लेफ्ट बॅक सेंटर हाफला पासच देत नव्हता. मोकळा उभा असला तरी नाही. दोघांच्या तालमींचं जमत नाही, बास. मी ओरडलो नाही. दोघांना महिनाभर एका जोडीत टाकलं: धावायला एकत्र, जाळी बांधायला एकत्र, चेंडू धुवायला एकत्र. आज सकाळी लेफ्ट बॅक लांबून हाक मारतो, “ए, हिकडं दे की!” आणि चेंडू जातो. एवढ्यासाठी मी पहाटे येतो.

साडेसात. भिजवलेले हरभरे, गूळ. पोरं घरी.

अकरा. प्रार्थना, मग आठवीचे दोन तास. कार्यालयाच्या भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आहेत. सगळ्यात जुन्यात अकराही जण अनवाणी, हाताची घडी घालून उभे. या फोटोंपुढं मी नव्या पोरांना मुद्दाम नेतो. त्यांना सांगतो: १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह, मागोमाग इतर समाजांसाठी वसतिगृहं, आणि १९१७ मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण. शाहू महाराजांनी हे केलं नसतं तर या फोटोतल्या निम्म्या घरांतली पोरं शाळेच्या दारातही आली नसती, असं मला ठामपणे वाटतं. तालमीनं त्यांना अंगात रग दिली. शाळेनं त्यांना एका रांगेत उभं केलं.

साडेबारा. कागदपत्रं. आधार, जन्मदाखला, बोनाफाईड, फोटोवर मुख्याध्यापकांचा शिक्का. गोलीच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरात काना-मात्रेनं वेगळं. पुन्हा दाखला, पुन्हा सही. वयाची चोरी रोखायची तर हे लागतंच, पण यात तास जातो.

दीड. बुटांचं कपाट. शाळा सोडून गेलेली पोरं आपले स्टड इथं ठेवून जातात. कुणी सांगितलेलं नाही, तशी पद्धतच पडली. सेंटर हाफकडं स्वतःचे बूट नाहीत. त्याला सात नंबरचा जोड काढून देतो. बुटाची जीभ उलटून बघितली की आत बॉलपेननं लिहिलेली नावं दिसतात, एकाखाली एक. वरची पुसट झालीत, खालची वाचता येतात. चार जणांनी घातलेला जोड. एकजण आता सैन्यात आहे, एकजण शाहूपुरीत दुकान चालवतो. पोरगं नावं वाचतं आणि विचारतं, “सर, मीबी लिवू?” वर्ष संपल्यावर, मी सांगतो.

तीन. सामना. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० पासून चालते. शहर, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. आमची पोरं मनानं दिल्लीतच असतात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हापासून दिल्ली काही फार लांब वाटत नाही.

चिखलात चेंडू थांबतो, जमिनीवरून पास जात नाही. मी बाहेरून सांगत राहतो, उचलून मारा. पहिल्या अर्ध्यात त्यांचा गोल. दुसऱ्या अर्ध्यात लेफ्ट बॅक लाइनीवरून घुसतो, मान वर करून बघतो आणि मागं, बरोबर सेंटर हाफच्या पायात देतो. जाळी हलते. कडेला उभे असलेले दोन्ही पेठांतले लोक एकदमच ओरडतात. तो आवाज मी विसरणार नाही.

टायब्रेकर. चार-तीन. हरलो. शेवटची किक सेंटर हाफचीच होती, बारवरून गेली.

साडेपाच. तो पायरीवर बसलाय, मान खाली. मी जवळ जात नाही, आत्ता बोलून उपयोग नसतो. लेफ्ट बॅक येऊन खाली बसतो. चिखलानं नाड्यांच्या गाठी दगडासारख्या झाल्यात. तो त्या नखानं, मग दातानं सोडवतो, एक बूट काढतो, दुसरा काढतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत.

आठ. शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून जर्स्या वाळत घालतो. रजिस्टरात तारीख, निकाल, अकरा नावं, इयत्ता, जागा. माझ्या आधीच्या सरांनी आखलेले हे रकाने आहेत, त्यांत पेठेचा रकाना नाही. पुढच्या आठवड्यात पंधरा वर्षांखालच्यांचा सामना आहे, जर्स्या त्यांनाही लागतील. मोजतो. चौदाच भरतात. पुन्हा मोजतो. सहा नंबर नाही.

फोन वाजतो. सेंटर हाफ. “सर, जर्सी माझ्याकडंच ऱ्हायली. आईनं धुतलीया. उद्या सहाला घिऊन येतो.”