भूऔष्णिक वीज : उष्णता धरतीची, पाण्याची परतफेड माणसाची

पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेला भूऔष्णिक ऊर्जा म्हणतात. या उष्णतेचा काही भाग पृथ्वीच्या जन्मापासूनचा आहे. उरलेला युरेनियम, थोरियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या किरणोत्सारातून आजही तयार होतो. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. ज्वालामुखींच्या प्रदेशात ते याहून झपाट्याने चढते.

विजेसाठी उष्णता, पाणी आणि पाणी खेळू देणारा भेगाळ खडक या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. विंधन विहिरीतून कोरडी वाफ आली तर ती थेट टर्बाइनवर सोडतात. दाबाखालचे अतितप्त पाणी आले तर दाब उतरवून त्याची वाफ करतात. पाणी तेवढे तापलेले नसेल, तर कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव त्याच्या उष्णतेवर उकळवून टर्बाइन फिरवतात. अलास्कातील चेना येथे २००६पासून सुमारे ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज तयार होते.

इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये पिएरो जिनोरी कोन्ती यांनी जमिनीतल्या वाफेच्या जोरावर पाच दिवे पेटवले. आज आइसलंडमधील दहापैकी सुमारे नऊ घरे याच उष्णतेने उबदार राहतात, तर केनियाची ४० टक्क्यांहून अधिक वीज भूगर्भातून येते. ऊन-वाऱ्यावर अवलंबून नसल्यामुळे ही वीज रात्रंदिवस मिळते.

उष्णता संपत नाही. पाणी मात्र संपू शकते. कॅलिफोर्नियातील ‘द गायझर्स’ या मोठ्या क्षेत्रात वाफ उपसली गेली, त्या मानाने पाणी मुरले नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथली वीजनिर्मिती घसरू लागली. पुढे आसपासच्या गावांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी आणून खडकात सोडल्यावर घसरण आटोक्यात आली. पाणी दाबाने खोल सोडण्यातही जोखीम असते: स्वित्झर्लंडमधील बाझेलचा प्रकल्प २००६ मध्ये त्यातून उद्भवलेल्या भूकंपांमुळे थांबवावा लागला.

भारतात गरम पाण्याचे तीनशेहून अधिक झरे आहेत. लडाखमधील पुगा खोरे विजेसाठी सर्वांत आशादायक मानले जाते. कोकणात उन्हेरे, उन्हवरे या गावांच्या नावांतच ऊन पाणी आहे. तिथले झरे उकळीच्या खालचे असल्याने दुसरा द्रव उकळवण्याची पद्धतच त्यांना लागू पडू शकते. खोलवर पाणी किती आणि किती तापलेले, हे विंधन विहिरी घेतल्यावरच कळते.