जखमी माकड आणि उतारशाळेचा खर्च



काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वैभववाडीहून करूळच्या रस्त्याने मी मोटारसायकलवरून एका बैठकीला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला एक माणूस जखमी माकडाजवळ उकिडवा बसला होता. गाडीच्या धडकेने माकडाचे मागचे पाय निकामी झाले होते. माणूस ओळखीचा होता. सिंधुदुर्गात ज्यांना लोक ‘वानरमारे’ म्हणतात, त्या कातकरी वस्तीतला. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला आज लाज वाटते : याच्या घरी आज हेच शिजणार.

मी थांबलो, तेही त्याला चार शब्द सुनवायला. जवळ गेलो तेव्हा दिसले की त्याने डोक्याचा टॉवेल दोन काठ्यांवर टाकून माकडावर सावली धरली होती. “सर, पाणी आहे काय? आणि फॉरेस्टवाल्यांना फोन लावा. माझ्या फोनात बॅलन्स नाही,” तो म्हणाला. कर्मचारी येऊन माकडाला घेऊन जाईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला. माझी फक्त बैठक चुकली.

जखमी प्राण्याला वाचवताना माणूस बदलतो असे आपण ऐकतो. पण तो बदलतो कसा? हे समजायला महाराष्ट्रात हेमलकशासारखे दुसरे उदाहरण नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 1973 च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंड आदिवासींमध्ये राहून दवाखाना चालवू लागले. सुरुवातीच्या काळात एकदा जंगलातून जाताना त्यांना शिकार घेऊन परतणारे काही माडिया भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगले होते आणि मेलेल्या आईचे दूध ओढू पाहत होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतले. तिचे नाव बबली ठेवले. तिथूनच हेमलकशाचे प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले. पुढे बिबटे, अस्वले, हरणे, मगरी, साप असे कितीतरी जीव तिथे वाढले.

या प्रसंगात डॉक्टरांनी काय केले नाही, तेही पाहिले पाहिजे. त्यांनी शिकाऱ्यांना दोष दिला नाही. ही माणसे हौसेने नव्हे, भुकेने शिकार करतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून प्राण्यांबरोबर माणसांचेही काम वाढत गेले. दवाखान्याच्या जोडीला 1976 मध्ये आश्रमशाळा सुरू झाली, शेतीची माहिती दिली गेली. हळूहळू माडिया लोक रानात सापडलेली पिल्ले मारण्याऐवजी दवाखान्यात आणून देऊ लागले. पोटाला आधार मिळाला, आणि पिल्लू जगवणारी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणून हे घडले. 2008 साली या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमटे दांपत्य कोणत्याही मिशनचे नव्हे. पण लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी तरी ऐकणाऱ्यांच्या जातीचा कुठे होता? त्या दाखल्यात आपण मलमपट्टीपर्यंत थांबतो. शोमरोनी मात्र दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला पैसे देतो आणि परत येण्याचे वचन देतो. उचलायला एक क्षण पुरतो, सांभाळायला वर्षे लागतात. बबलीला हातात घेणे सोपे होते. रात्री उठून तिला दूध पाजणे, हे ते सांभाळणे. माणूस बदलतो तो तिथे, कारण ज्याला आपण रोज जगवतो, त्याच्याविषयी पूर्वीसारखे निष्ठुर राहता येत नाही.

आपल्या कोकणात माकडांविषयी राग आहे आणि त्याला कारणही आहे. नारळ, काजू, भाजीपाला यांची नासधूस ज्याच्या बागेत होते, त्याला दयेवर प्रवचन देऊ नये. तरीही रस्त्यावर तडफडणारा जीव समोर आला तर काय करावे, हे माहीत असावे. गर्दी हटवावी, सावली करावी, उगाच हात लावू नये, कारण घाबरलेला प्राणी चावतो. जबरदस्तीने पाणी पाजू नये. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राणी घरी ठेवता येत नाही, म्हणून हेमलकशाचे अनुकरण घरात करू नये.

अनुकरण करायचे ते त्यांच्या नजरेचे. त्या दिवशी माकडाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. बदल झाला तो माझ्यात. त्या वस्तीत मी शिकवायला जात होतो, आता विचारायला जातो. ‘वानरमारे’ हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरत नाही. नावाने हाक मारतो.

तुमच्या देणगीतून वस्तीतल्या मुलांची वह्यापुस्तके येतात, आजाऱ्याचा प्रवासखर्च निघतो. हाच आपला उतारशाळेचा खर्च आहे. तो एकदा देऊन संपत नाही. आणि प्रार्थनेत त्या वस्तीची आठवण करताना माझीही करा, म्हणजे रस्त्याने जाताना कोणाविषयीचा माझा पहिला विचार तरी बरा असेल.