दगडांच्या मुलखातली गावं

स्वीडनच्या दक्षिण भागातून रेल्वेने जाताना एका टप्प्यावर शेतं एकदम आखूड होतात. स्प्रूस आणि पाइनचं रान रुळापर्यंत येतं, आणि मधूनच दिसणाऱ्या हिरव्या तुकड्यांना दगडी बांधांची वेटोळी पडलेली दिसतात. हा स्मोलांड प्रांत. हिमयुगातल्या बर्फाने मागे हटताना इथे दगडगोट्यांचा इतका गाळ टाकला, की नांगर धरण्याआधी शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना दगडच वेचावे लागले. ते दगड बांधांत आणि शेतातल्या ढिगाऱ्यांत अजून तसेच आहेत. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांवर स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली. त्यात स्मोलांडचा वाटा फार मोठा होता. मागे राहिलेल्यांजवळ जंगल होतं, पाणी होतं आणि दोन हात होते. स्मोलांडची गावं पाहायची ती त्या हातांनी काय केलं हे शोधत.

सुरुवात योनशॉपिंगपासून करावी. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या वेत्तर्न सरोवराच्या दक्षिण टोकाला हे शहर आहे. प्रवासी पुस्तिका सरोवराच्या किनाऱ्याचं कौतुक करतात, पण पाय वळवावेत ते रेल्वे स्थानकाजवळच्या जुन्या कारखान्याच्या आवाराकडे. तिथे काडेपेटीचं संग्रहालय आहे, १८४८ सालच्या कारखान्याच्या इमारतीत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली काडी कशावरही घासली तरी पेटायची. खिशातही पेटायची. तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे आणि त्याच्या वाफांनी कारखान्यातल्या कामगारांच्या जबड्याचं हाड कुजत जाई. गुस्ताव एरिक पाश या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये यावर उपाय काढला. पेट घेणारी द्रव्यं त्याने एकमेकांपासून वेगळी केली. काडीच्या टोकाला विषारी फॉस्फरस नको. त्याऐवजी निर्धोक तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर. काडी त्या पट्टीवर घासली तरच जाळ होणार. आज घराघरातली काडेपेटी याच तत्त्वावर चालते. योनशॉपिंगच्या योहान एडवर्ड आणि कार्ल फ्रान्स या लुंडस्ट्रोम बंधूंनी ही काडी बाजारात चालेल अशी केली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळालं. पुढे अलेक्झांडर लागेरमन या तंत्रज्ञाने सबंध काडेपेटी तयार करणारं यंत्र बनवलं. त्याआधी मात्र गावातल्या बायका आणि मुलं घरोघरी बसून पेट्या चिकटवत. संग्रहालय पाहणाऱ्याने यंत्रांइतकाच वेळ त्या घरकामाला द्यावा. शहराची भरभराट यंत्रांच्या आधी त्या बोटांवर उभी राहिली.

मराठी वाचकाच्या ओळखीची खूण इथे सापडते. लहानमोठे कारखाने गिळत स्वीडनची काडेपेटी कंपनी १९१७ नंतर जगभर पसरली आणि १९२३ मध्ये तिने हिंदुस्थानात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. म्हणजेच विम्को. अंबरनाथचा कारखाना तिचाच. तिथल्या विम्को नाक्यावर रिक्षाची वाट पाहणाऱ्याच्या पायाखालचा इतिहास असा थेट वेत्तर्नच्या काठाला जाऊन पोचतो.

या साम्राज्याचा धनी इवार क्रूगर. कर्जात बुडालेल्या सरकारांना पैसा पुरवायचा आणि बदल्यात त्या देशातल्या काड्यांचा मक्ता घ्यायचा, ही त्याची रीत. जर्मनीशी त्याने १९२९ मध्ये साडेबारा कोटी डॉलरचा करार केला. मार्च १९३२ मध्ये पॅरिसमधल्या घरात तो गोळी लागून मेला आणि त्यामागोमाग त्याच्या हिशेबातली पोकळी उघडी पडली. असंख्य लहान गुंतवणूकदार त्यात बुडाले.

योनशॉपिंगला लागूनच हुस्कवार्ना आहे. १६८९ मध्ये इथल्या धबधब्याच्या जोरावर राजाच्या सैन्यासाठी बंदुका बनू लागल्या. मागणी घटली तशी त्याच धबधब्याच्या जोरावर शिवणयंत्रं आली, मग सायकली, १९०३ पासून मोटारसायकली आणि शेवटी झाडं कापायच्या करवती. मोटारसायकलीचा व्यवसाय पुढे परक्या हातांत गेला. त्या नावाच्या काही गाड्या आता पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात.

सरोवराच्या काठाने उत्तरेला गेलं की ग्रेन्ना. पेर ब्राहे या सरदाराने १६५२ मध्ये वसवलेलं, लाकडी घरांचं एका लांब रस्त्याचं गाव. इथल्या दुकानांत काचेपलीकडे कारागीर साखरेचा गरम गोळा ओढतात, पिळतात, त्याच्या लाल-पांढऱ्या कांड्या कापतात. पुदिन्याच्या स्वादाची ही पोल्काग्रीस मिठाई अमालिया एरिक्सन हिची. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. १८५९ मध्ये तिने नगरसभेकडून मिठाई करून विकायची परवानगी मिळवली. बाईने स्वतःच्या नावाने धंदा करणं त्या काळी सरळ नव्हतं. ती जवळजवळ शंभरीपर्यंत जगली आणि आज सबंध गाव तिच्या कांड्यांवर पोसलं जातं. राजेसरदारांच्या पुतळ्यांपेक्षा ग्रेन्नामधला तिचा पुतळा अधिक मोलाचा वाटतो.

समोरच्या विसिंगसो बेटावर बोटीने जावं ते ओकच्या रानासाठी. एकोणिसाव्या शतकात आरमाराची जहाजं बांधायला म्हणून ते लावलं गेलं. झाडं जून होईतो जहाजं लोखंडाची झाली होती. रान राहिलं, आणि आज त्यातून सावलीच्या वाटा जातात.

पूर्वेकडच्या विम्मरबीला मुलं बरोबर असतील तर जावंच. मुलांच्या गोष्टींतल्या पिप्पीची लेखिका आस्त्रिद लिंडग्रेन १९०७ मध्ये या गावाजवळच्या नेस इथे शेतकऱ्याच्या घरात जन्मली. तिच्या पुस्तकांतली घरं इथल्या एका उद्यानात उभी केली आहेत. मोठ्यांनी मात्र नेसचं ते लाल घर चुकवू नये.

कालमार हे किल्ल्याचं शहर. १३९७ मध्ये इथे राणी मार्गारेटाच्या पुढाकाराने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका राजमुकुटाखाली आले. १५२३ पर्यंत ते बरंवाईट टिकलं. डेन्मार्कची हद्द तेव्हा जवळच होती. १६५८ च्या तहाने ती दक्षिणेला सरकली आणि कालमारचं लष्करी महत्त्व ओसरलं. किल्ला सुरेख आहे, पण शहराचा खरा ठेवा जिल्हा संग्रहालयात आहे. १ जून १६७६ रोजी ‘क्रोनान’ ही स्वीडनची अवाढव्य युद्धनौका ओलांड बेटाजवळ शिडं न आवरता वळली, कलली आणि दारूगोळ्याच्या स्फोटात फुटली. सुमारे आठशे माणसं बुडाली. १९८० मध्ये ती समुद्रतळाशी सापडली. तोफा, नाणी, वाद्यं, औषधांची पेटी, खलाशांचे बूट: त्या काळचं एक अख्खं गाव तिथे मांडलं आहे. इवार क्रूगरचा जन्मही याच शहरातला, १८८० सालचा.

एल्महुल्ट तसं साधं रेल्वेगाव. इंगवार कांप्राद हा या भागातला शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी काड्यापेट्या घाऊक भावात आणून तो शेजाऱ्यांना विकत असे. १९४३ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने इकिया ही कंपनी काढली. पहिलं दुकान १९५८ मध्ये इथे उघडलं आणि त्याच इमारतीत आता इकियाचं संग्रहालय आहे. फर्निचरचे सुटे भाग चपट्या खोक्यात घालून द्यायचे आणि गिऱ्हाइकाने ते स्वतः जोडायचे, ही काटकसर मुळातली स्मोलांडची. तुर्भ्याच्या दुकानात शिरणाऱ्या मराठी माणसाला ती ओळखीची झाली आहे. गावाजवळच्या रोशुल्टला १७०७ मध्ये कार्ल लिनेअस जन्मला. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत त्याने रूढ केली.

वेक्शो हे प्रांताच्या मध्यावरचं शहर. खनिज इंधन सोडायचा निर्णय नगरपालिकेने १९९६ मध्येच घेतला. जंगलातला पालापाचोळा, फांद्या, लाकडाचा चुरा जाळून वीज होते आणि गरम पाणी नळांतून घरोघरी जातं. स्थानकाजवळ ‘स्थलांतरितांचं घर’ हे संग्रहालय आहे. विल्हेल्म मोबेरीने १९४९ पासून चार कादंबऱ्यांतून अमेरिकेला गेलेल्या शेतकरी कुटुंबाची कथा लिहिली, आणि या स्थलांतराला साऱ्या देशाच्या आठवणीत जागा मिळाली. स्वीडिश पाद्री चर्चच्या वह्यांत घरागणिक माणसं, त्यांचं वाचन आणि गाव सोडून जाणं नोंदवत. त्या नोंदींच्या आधारे अमेरिकेतले वंशज आपल्या पणजोबाचं शेत शोधत इथे येतात. जे हाती लागतं ते बहुधा रानाने परत गिळलेला एखादा जोत्याचा चौथरा.

वेक्शो आणि कालमारच्या मधल्या रानात काचेचे कारखाने आहेत. सर्वांत जुना कोस्ताचा, १७४२ मधला. इथे चांगली वाळू नव्हती. होतं ते भट्टीसाठी न संपणारं लाकूड. ओर्रेफोर्सची प्रसिद्ध भट्टी २०१३ मध्ये थंडावली, पण कोस्तात लांब नळीच्या टोकावरचा लाल गोळा फुगताना अजून पाहता येतो. पूर्वी हिवाळ्यात रात्री भट्टीजवळची ऊब फिरस्त्यांना, भिकाऱ्यांना मोकळी असे. ते तिथेच हेरिंग मासा भाजत, गाणी म्हणत, बातम्या सांगत. त्याच जेवणाला आता ‘हुत्सिल’ म्हणतात. भाजलेला हेरिंग, आंबूस सॉसेज, बटाटे आणि शेवटी ओस्तकाका: चीज करताना घालतात त्या रेनेटने फाडलेल्या दुधाची, बदाम घालून भाजलेली, आपल्या खरवसाची आठवण करून देणारी मिठाई, वर जॅम घालून कोमट खायची. हे जेवण खास ठरलेल्या संध्याकाळीच असतं, त्यामुळे जागा आधी राखून ठेवावी आणि लांब बाकावर अनोळखी शेजाऱ्यांना खेटून बसायची तयारी ठेवावी.