पहिला डीएसएलआर घेताना

औंढा नागनाथच्या मंदिरावरचे कोरीव काम उन्हात टिपायचे, तर कोणताही कॅमेरा चालतो. खरी परीक्षा रात्रीच्या लग्नमांडवात होते. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची मुले मला विचारतात, ‘सर, थोड्या पैशांत पहिला डीएसएलआर कोणता घ्यावा?’ लग्नसराईत चार पैसे मिळवायचे असतात आणि कॅमेऱ्यासाठी उसनवारी केलेली असते.

माझे सांगणे एवढेच, की बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. बॉडी लवकर जुनी होते, चांगली लेन्स त्याच कंपनीच्या पुढच्या बॉडीलाही चालते. सोबत मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ वर येते. ५० मिलिमीटर, एफ १.८ ची साधी लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. मात्र तिला झूम नाही, पुढे-मागे आपणच सरकायचे. म्हणून ग्रुप फोटोसाठी १८-५५ हवीच.

निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतील बॉडीत फोकसची मोटर नसते. तिथे ५० ची लेन्स ‘एएफ-एस’ लिहिलेलीच घ्यावी.

२०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवे डीएसएलआर मॉडेल आणलेले नाही, ते मिररलेसकडे वळले. त्यामुळे वापरलेल्या बॉडी स्वस्तात मिळतात. घेताना शटर किती वेळा पडले ते तपासा. साध्या बॉडीचे आयुष्य साधारण १ लाख फोटोंचे धरतात. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशी नाही ना, तेही पाहा.

आणि जादा बॅटरी, जादा कार्ड यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा. मांडवात अक्षता एकदाच पडतात.