परसांतील भांग आणि परसांतील अंबाडी

परसांत किंवा गच्चीवर कुंड्यांतून चार रोपें लावण्याची हौस आतां धरणगांवसारख्या कापसाच्या गांवींही वाढीस लागली आहे. हौस चांगलीच आहे. परंतु बियाणें हल्लीं केवळ बाजारांतून येतें असें नाहीं. दूरदेशींच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती घरबसल्या दिसतात, आणि त्यांत भांगेच्या निरनिराळ्या जातींचीं वर्णनें गुलाबाच्या जातींच्या थाटानें केलेलीं असतात. कॅनडांत राहणारा एखादा भाचा कळवितो कीं, आमच्या घरीं असें झाड राजरोस वाढत आहे. मग येथील तरुण विचारतो : तेथें चालतें तें येथें कां चालूं नये? एक कुंडी, एक झाड, तेंही स्वतःच्या घरांत. त्यांत कोणाचें काय जातें? या प्रश्नाला उडवाउडवीचें उत्तर देऊन भागणार नाहीं. कारण हा प्रयोग करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊं. भांग, गांजा आणि चरस हीं तीन झाडें नव्हेत. एकाच झाडाचीं तीन रूपें आहेत. पानें ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि अंगावरील राळ तो चरस. या जातींत नर आणि मादी हीं बहुधा वेगवेगळीं झाडें असतात, आणि साधें बीं हातांत घेऊन त्यांतून नर निघेल कीं मादी हें सांगतां येत नाहीं. नराचे पराग वाऱ्यानें पसरले कीं मादी बियांनीं भरते आणि गांजा म्हणून तिची किंमत उतरते. म्हणून इंग्रजी अमदानींत जेथें गांजाची सरकारमान्य शेती होती, त्या बंगालमधील नवगांवच्या टापूंत नर झाडें ओळखून उपटण्यासाठीं खास पारखी माणसें मजुरीनें लावीत. मध्यप्रांतांत अशी शेती खांडव्याभोंवतीं होत असे. म्हणजे बऱ्हाणपूर ओलांडलें कीं आपल्या खानदेशाच्या शेजारींच. या साऱ्या व्यवहाराची चौकशी करण्यासाठीं १८९३ सालीं सरकारनें एक आयोग नेमला. पुढील वर्षीं त्याचा अहवाल पुरा झाला. त्यांत संपूर्ण बंदी न करितां परवाना व कर यांच्याद्वारें नियंत्रण ठेवावें, असें मत पडलें. आजोबांच्या काळीं गांजाचीं परवान्याचीं दुकानें होतीं असें जें वडीलधारे सांगतात, त्याचें मूळ या धोरणांत आहे.

तें धोरण आतां राहिलें नाहीं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें सही केली, आणि त्याला अनुसरून १९८५ सालीं गुंगीकारक औषधिद्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम झाला. या अधिनियमाची रचना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. गांजाच्या व्याख्येंतून बीं आणि पानें वगळलीं आहेत, मात्र तीं शेंड्यांबरोबर नसलीं तरच. एवढें वाचून पुष्कळ लोक समजतात कीं, बीं निर्दोष, तर रोपही निर्दोष. परंतु झाडाची व्याख्या निराळी आहे : त्या वंशांतील कोणतेंही झाड, मग तें नर असो, मादी असो, वीतभर असो कीं पुरुषभर. कलम ८ नें त्याची लागवडच निषिद्ध केली आहे, आणि कलम २० नें तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

येथें एक विलक्षण विसंगति दिसते. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेंत ‘अल्प प्रमाण’ ठरतो, आणि तो जवळ बाळगणाऱ्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात. लागवडीला मात्र असें अल्प-अधिक मोजमापच नाहीं. खिशांतील पुडीपेक्षां कुंडींतील रोप कायद्याला अधिक जड वाटतें! हें न्याय्य आहे कीं नाहीं यावर विद्वानांनीं वाद करावा. माझ्या मतें तरी तें फेरविचारास योग्य आहे. पण फेरविचार होईपर्यंत परिणाम भोगावा लागतो तो विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईबापांना. शिवाय पानांपुरतें बोलायचें तर महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. परवान्यावांचून भांग बाळगणें त्याखालीं गुन्हा होतो.

मग कायदेशीर वाट कोणती? कलम १४ अन्वयें, केवळ धागा किंवा बीं मिळविण्याच्या औद्योगिक कामासाठीं, अथवा उद्यानविद्येसाठीं, शासन विशेष आदेशानें लागवडीस मुभा देऊं शकतें. उत्तराखंडानें २०१८ सालीं औद्योगिक लागवडीचा पहिला परवाना दिला. तेथें झाडांतील मादक द्रव्याचें प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आंत असावें लागतें. कुमाऊंकडे भांगेच्या बियांची चटणी घरोघर होते, आणि ती खाऊन कोणाला नशा येत नाहीं. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेंही २०२१ सालीं या बियांना, त्यांच्या तेलाला व पिठाला अन्न म्हणून मान्यता दिली. तेव्हां बीं खाणें ही एक गोष्ट आणि पेरणें ही दुसरी. परसांतल्या हौशी कुंडीसाठीं महाराष्ट्रांत परवान्याची सोय नाहीं.

परदेशाचा दाखलाही नीट पाहावा. कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरास चार झाडें लावतां येतात. परंतु त्याच देशांतील क्वेबेक प्रांतानें घरगुती लागवडीस बंदी केली, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं ती उचलून धरली. जर्मनींत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडांची मुभा आहे. आपले जे नातलग तिकडे आहेत, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : आपला अधिनियम भारताबाहेरील भारतीय नागरिकांसही लागू आहे, असें त्याच्या पहिल्याच कलमांत लिहिलें आहे.

खेड्यांत प्रश्न वेगळ्या रीतीनें उभा राहतो. शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं, कापूस किंवा तूर यांच्या आडोशानें वाढविलेली गांजाची झाडें पोलिसांनीं उपटल्याच्या वार्ता वारंवार येतात. शेत बटाईनें देऊन शहरांत राहणाऱ्या मालकानें हें विशेष समजून घ्यावें. आपल्या जमिनींत अशी लागवड आहे हें कळल्यावर तात्काळ वर्दी देणें हें कलम ४६ प्रमाणें जमीनधारकाचें कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून गप्प बसणें हाच गुन्हा आहे. पंच, सरपंच व गांवकामगार यांच्यावरही कलम ४७ नें तेंच ओझें ठेविलें आहे. मात्र आपोआप उगवलेलें झाड आणि लावलेलें झाड यांत न्यायालयें भेद करितात. उत्तर प्रदेशांतील एका शेतकऱ्याच्या खटल्यांत, शेतांत झाडें सांपडलीं एवढ्यावरून त्यानेंच तीं लावलीं असें सिद्ध होत नाहीं, असें म्हणून सर्वोच्च न्यायालयानें त्यास सोडून दिलें. पण तेथवर जाण्यास किती वर्षें आणि किती पैसा लागतो, हें कोर्टाची पायरी चढलेल्यास विचारावें.

आतां नांवाचा घोटाळा. इंग्रजींत ‘हेंप’ म्हणजे मुळांत भांगेचें झाड. परंतु व्यापाऱ्यांनीं आपल्याकडील दोन निरुपद्रवी झाडांनाही तेंच नांव चिकटविलें. आपला ताग हा ‘सन हेंप’, आणि आपली अंबाडी ही ‘डेक्कन हेंप’. अंबाडीच्या शास्त्रीय नांवांतही ‘कॅनाबिनस’ असा शब्द आहे, कारण तिचीं वरचीं पानें भांगेच्या पानांसारखीं फाटलेलीं असतात. त्यामुळें कधीं परसांतील अंबाडी पाहून शेजारी दचकतो, तर कधीं ‘हेंप’ हें नांव वाचून कोणी भलतेंच बीं मागवितो. ओळख कठीण नाहीं. भांगेचें बीं गोलसर, गुळगुळीत व चित्रविचित्र ठिपक्यांचें असतें. अंबाडीचें करड्या रंगाचें व कोनेदार. भांगेच्या पानाचीं दळें देठापर्यंत अगदीं सुटीं असतात. अंबाडीचीं कितीही खोल चिरलेलीं असलीं तरी बुडाशीं जोडलेलीं राहतात. भांगेला उग्र वास येतो, तर अंबाडीचें पान चवीला आंबट लागतें.

ज्याला बियांपासून झाड वाढविण्याची हौस पुरवावयाची आहे त्यानें अंबाडी लावावी. बीं तेलकट असल्यानें फार दिवस ठेविल्यास जोम धरीत नाहीं. म्हणून मागील हंगामाचेंच घ्यावें. मृगाचा पाऊस नीट पडला कीं बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पेरावें. भाजीसाठीं जरा दाट पेरून कोवळींच रोपें उपटावीं. तुरीच्या डाळीबरोबर तीं शिजवून वर लसणाची फोडणी दिली, आणि सोबत कळण्याची भाकरी असली, म्हणजे खानदेशांत दुसऱ्या कालवणाची वाट कोणी पाहत नाहीं. पुढें दिवस लहान होऊं लागले कीं झाड फुलावर येतें, पानें राठ होतात आणि खोडाला बारीक कांटे जाणवूं लागतात. तेव्हां पांच-सहा झाडें तशींच राखावीं. त्यांचें फिकट पिवळें, घशाशीं गर्द जांभळें फूल सकाळीं उमलतें आणि दुपारपर्यंत मिटतें. बोंडें वाळल्यावर पुढील वर्षाचें बीं घरचेंच मिळतें, आणि खोडें पाण्यांत कुजत घातलीं तर दोरासाठीं वाखही निघतो.