रोज एक नवी बिअर : चव नवी, मात्रा तीच

‘‘आई, दारू नाही गं, बिअरची नुसती चव घेतो.’’ परदेशात शिकायला, नोकरीला गेलेली आपली मुले घरी फोनवर असे सांगतात. त्यात गाव बेल्जियमचे असेल, तर चवींना तोटा नाही. तिथली बिअर-संस्कृती युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. वेस्टमाले, शिमे, ओर्व्हाल इथे ट्रॅपिस्ट ख्रिस्ती मठांशी जोडलेली बिअर आजही बनते. बहुतेक बिअरचा ग्लाससुद्धा वेगळा. रोज संध्याकाळी एक नवी बाटली उघडायची, तिचा रंग, वास, चव टिपून ठेवायची, हा अनेकांचा छंद असतो.

छंदाला आम्ही नावे ठेवत नाही. आम्ही फक्त हिशेब मांडतो.

डुव्हेल या प्रसिद्ध बेल्जियन बिअरची बाटली ३३० मिलिलिटरची, त्यात ८.५ टक्के अल्कोहोल. म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असते. म्हणजे ‘नुसती चव’ म्हणून संपवलेली एक बाटली दोन पेगांहून जास्त भरते. रोज एक, तर आठवड्याला १५४ ग्रॅम. बेल्जियमच्याच आरोग्य परिषदेने २०१८ मध्ये सांगितलेली मर्यादा आठवड्याला १० ग्रॅमचे १० प्याले, म्हणजे १०० ग्रॅम. तेही काही दिवस कोरडे ठेवून. ज्या देशाची ही बिअर, त्याच देशाच्या हिशेबात हा छंद दीडपट जातो.

बाटलीवरचे नाव रोज बदलते, यकृताचे काम बदलत नाही. तेवढे अल्कोहोल निकालात काढायला त्याला दोन-तीन तास लागतात. त्या वाटेत ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि ते पेशींना इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाचा धोका अल्कोहोलने वाढतो. अल्कोहोलची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. गरोदरपणात तर एक घोटही नको.

पाचवे शील आपण रोज म्हणतो. त्यात भर आहे तो प्रमादावर, बेसावधपणावर. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. रोजची सवय हाच बेसावधपणा : सात वाजले की हात बाटलीकडे जातो, ‘आज नवी आहे’ एवढे निमित्त पुरते.

स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सलग सात दिवस न घेता राहता येते का? न मिळाल्यास चिडचिड होते का? किती घेतली हे घरी कमी करून सांगतो का? शेवटच्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘हो’, किंवा पहिल्याचे ‘नाही’ असेल, तर छंदाची सवय झाली आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. हात थरथरणे, भास, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. भारतात असाल तर टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि आयांनो, मुलाने फोनवर खरे सांगितले तर ओरडू नका. लाजेने लपवलेली बाटली उघड्यावरच्या बाटलीपेक्षा जास्त नुकसान करते. शांतपणे विचारा, ‘‘किती टक्क्यांची, आणि आठवड्याला किती?’’ हिशेब त्यालाच करू द्या.